भावाच्या चौकशीसाठी नेसलेली साडी

चीनच्या लढाईनंतर बेंगळुरात फौजेची भरती जोरात होती. माझा धाकटा भाऊ धावण्यात, उड्यांत, डॉक्टरच्या तपासणीत पास झाला, आणि आनंद व्हायचा सोडून घरात सगळ्यांची तोंडं सुकली. कारण आता पोलीस चौकशीला येणार. चौदाव्या वर्षी भावाने मल्लेश्वरमच्या बाजारात सायकलींचे दिवे चोरले होते आणि मुलांच्या कोर्टाने त्याला वर्षभर सुधारशाळेत ठेवलं होतं. ते उकरून निघालं की फौज संपली, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

आईने गल्लीतल्या बायकांना पढवून ठेवलं. कुणी विचारलं तर ते वर्ष पोर बेळगावला मामाकडे होतं. मी खिडकीत पहाऱ्यावर. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत असे. कल्हईवाल्यावर मी संशय घेतला, नव्या पोस्टमनवर घेतला, बांगड्या विकणाऱ्या म्हातारीवरही घेतला. का, तर तिचे पाय फारच मोठे होते.

मग एका सकाळी खरोखरच एक माणूस समोरच्या दुकानाशी उभा राहून आमच्या घराची विचारपूस करू लागला. धोतर, काळी टोपी, बगलेत छत्री.

“अप्पा, हाच तो,” मी वडिलांना म्हटलं.

अप्पांनी खिडकीआडून नीट पाहिलं. “पोलिसाच्या पायात बूट असतात गं. ह्याच्या चपलेला खिळा मारलाय. हा मुलाकडचा.”

माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं, आणि आमच्या लोकांत मुलाकडचे आधी असा एखादा माणूस गल्लीत सोडत. त्याला ‘आपण कोण’ असं विचारायचं नसतं, न विचारता ओळखायचं आणि आत बोलवायचं. अप्पांनी बोलावलं, तो आला. माझा सगळा संशय हिरव्या साडीच्या निऱ्या घालता घालता उतरला.

पाहुणा उप्पिट्टु खाता खाता कपाटाकडे बघे, दारामागे बघे. “घरात माणसं किती? मुलगा कुणात उठतो-बसतो?” मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. माझ्याबद्दल एक शब्द विचारत नाही म्हणजे माणूस खानदानी आहे, असं मी ठरवलं.

सोयरिकीत लपवाछपवी अप्पांना चालत नसे. पुढे कळलं की सासरी मुलीला ऐकावं लागतं, म्हणायचे. त्यांनी घसा खाकरला आणि सायकलींच्या दिव्यांपासून सुधारशाळेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

“सरी, बरं,” पाहुणा म्हणाला. “आणि बेळगावचा मामा?”

“मामा कुठला? आमच्या हिला भाऊच नाही,” अप्पा म्हणाले. “बरं, आता मुलीला बोलावतो.”

मी कॉफी घेऊन, मान खाली घालून, शिकवल्याप्रमाणे बाहेर आले.

“हिचं काय काम?” तो म्हणाला. “मी स्टेशनातून आलोय.”

आईने आतून अप्पांकडे डोळे वटारले.

“मी विचारलं नव्हतं तरी गल्लीने मामा सांगितला,” तो माणूस कॉफी घेत म्हणाला. “चौघींनी बेळगावचा, एकीने धारवाडचा. मला वाटलं, एवढा मामा सांगतात म्हणजे पोराने खून तरी केलाय. सायकलींचे दिवे होय.” मग त्याने माझ्या साडीकडे एकदा बघितलं, “अक्का, कॉफीत साखर स्वल्प जास्त झाली,” म्हणाला आणि छत्री उचलून गेला. काय लिहिणार ते काही बोलला नाही.

त्यानंतर आई अप्पांशी बोलेना. भाऊ जेवेना. मी पुन्हा खिडकीत, आता पोस्टमनवर वेगळाच संशय घेऊन. ‘भरतीला हजर व्हा’ असं पत्र शेवटी आलं, तेव्हा आम्हाला त्या कागदाचाही भरवसा वाटेना. आई म्हणे उप्पिट्टुमुळे झालं. मला वाटे, त्याला माझी दया आली.

निघायच्या सकाळी भावाने विचारलं, “अप्पा, तो पोलीस आहे हे ठाऊक असतं, तर खरं सांगितलं असतंत?”

अप्पा त्याच्या ट्रंकेला दोरी आवळत होते. “पोलिसाला?” ते म्हणाले. “वेड लागलंय का मला?”