कापलेलं भाषण

कळंबच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवते. गावातले काही शिक्षक, दोन-तीन आडत दुकानदार आणि बँकेतले एक क्लार्क मिळून दर हिवाळ्यात एक नाटक बसवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनं सामाजिक नाटक काढलं, शंभरेक वर्षांपूर्वीचं. बाईच्या कामाला बाई मिळत नाही ही त्यांची नेहमीची रड. म्हणून माझ्याकडं आले आणि मी लगेच हो म्हणाले.

हो म्हणायला कारण होतं. त्या नाटकात नवरा कुणाचं तरी ऐकून बायकोवर संशय घेतो आणि तिला घराबाहेर काढतो. शेवटी त्याला चूक कळते, तो तिला न्यायला येतो, तर तीच त्याच्या पायावर डोकं ठेवते आणि म्हणते, "मीच कमी पडले." हे वाक्य मला एम.ए.ला असल्यापासून सलायचं. पण दुसऱ्या अंकात, उंबरा ओलांडायच्या आधी, ती नवऱ्याला उत्तर देते. चांगलं दोन पानांचं भाषण. लेखकानं तिला नाव दिलेलं नाही, पात्रांच्या यादीत ती नुसती 'पत्नी' आहे. पण ते भाषण दिलंय. ते मला एकदा मोठ्यानं म्हणायचं होतं.

पहिल्या वाचनाला माझ्या हातात प्रत आली तर ती दोन्ही पानं लाल पेनानं आडवी कापलेली. आमचे दिग्दर्शक म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर. मी त्यांना विचारलं, "सर, हे का काढलं?"

"लांबतंय मॅडम. लोक उठून जातात."

"पण तिचं सगळं म्हणणं तिथंच आहे."

"म्हणणं कळतं की चेहऱ्यावरून. तुम्ही नुसतं रडा."

"मग शेवटचं वाक्यही काढू या."

सर दचकलेच. "ते कसं काढता? जुन्या नाटकाला हात लावायचा नसतो. लेखकाचा मान असतो काही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. नवऱ्याचं काम करणारे क्लार्क भले गृहस्थ, मला ताई म्हणायचे. ते म्हणाले, "ताई, म्हणा की भाषण, माझं काय जातंय? फक्त मी कधी बोलायचं तेवढं सांगा." पण सर हलले नाहीत. तालमी सुरू झाल्या. मी रोज दुसऱ्या अंकात नुसती रडायचे आणि मधल्या सुट्टीत चहा आला की किटली आपोआप माझ्या हातात यायची. एक दिवस मी ती तशीच टेबलावर ठेवून दिली. सगळे बराच वेळ तिच्याकडं बघत बसले. शेवटी क्लार्कांनी उठून चहा ओतला आणि माझी तब्येत बरी नाही का, म्हणून विचारलं.

घरी भांडी लावता लावता मी भाषण पाठ करत होते.

प्रयोग मंगल कार्यालयात झाला. एरवी जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात त्याच स्टेजवर. पुढं सतरंजीवर बायका बसल्या होत्या, त्यांत माझ्या सासूबाई. मागं खुर्च्यांवर पुरुष, त्यांत आपलं दुकान लवकर बंद करून आलेले माझे मिस्टर. दुसरा अंक आला. नवरा म्हणाला, "चालती हो." मी रडले नाही. मी भाषणाला सुरुवात केली. "जाते. पण ज्या घरात इतकी वर्षं राबले, तिथं माझ्या शब्दाला एवढीही किंमत नव्हती का?"

क्लार्क गोंधळले. त्यांना वाटलं मी चुकले. मला सावरावं म्हणून त्यांनी आपलं पुढचं वाक्य जोरात म्हटलं. मी आवाज चढवला, त्यांनी त्याहून चढवला. विंगेतून प्रॉम्प्टर "रडा, रडा" म्हणत होता. चार-पाच वाक्यं झाली असतील, तेवढ्यात सरांनी पडदा ओढला.

तिसऱ्या अंकात मी पायावर डोकं ठेवलं आणि गप्प राहिले. ते वाक्य म्हणायचंच नाही, असं मी पडद्यामागं ठरवून टाकलं होतं. प्रॉम्प्टरचं "मीच कमी पडले, मीच कमी पडले" पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. मग क्लार्कांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "बोलू नकोस. कळलं मला. तूच कमी पडलीस, हेच म्हणायचंय ना तुला? मी क्षमा केली."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्या अख्ख्या नाटकात एवढ्या टाळ्या दुसऱ्या कशालाच पडल्या नाहीत.

"विसरलीस व्हय गं?" घरी जाताना मिस्टरांनी विचारलं.

"विसरले नाही. म्हटलं नाही."

"असू दे. व्हतंय असं स्टेजवर."

पुढं महिनाभर हेच. भाजीवाल्या बाईपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी मला धीर दिला. मी जितकं समजावून सांगावं तितकी लोकांना माझी जास्त कीव येई. राग कुणावर काढायचा तेच कळेना, कारण वाईट कुणीच वागत नव्हतं.

एकट्या सासूबाईंनी वेगळं विचारलं. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाकरी थापत होत्या. "मधी काय म्हणत व्हतीस गं तू? त्या बाबानं मधीच तोंड घातलं, काय ऐकूच आलं न्हाय."

मी ओट्याला टेकून सगळं भाषण म्हटलं. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली तरी त्यांनी उलटली नाही. संपल्यावर म्हणाल्या, "खरंय समदं. पण हे त्येच्या तोंडावर म्हणायचं असतंय. माझ्याम्होरं म्हणून काय उपेग?" आणि करपलेली भाकरी त्यांनी आपल्या ताटात घेतली.

मागच्या हिवाळ्यात सर एसटी स्टँडवर भेटले. नवीन नाटक ठरलं होतं, तेही जुनंच. "यंदा तुम्हाला सासूचं काम देतोय. चारच वाक्यं हायत, सहज पाठ होतील."

"मला नाही करायचं सर."

"का? घरचे नको म्हणतात?"

"घरचे नाही. मीच नको म्हणते."

"बरं बरं," सर समजुतीनं हसले, "मी बोलतो तुमच्या मिस्टरांशी."

आणि दुसऱ्या दिवशी मिस्टरांच्या दुकानात जाऊन सर खरंच बोलले.