देवजीभाऊंना न दिलेलं घर

आम्ही नंदुरबार सोडलं त्या सकाळी अख्खी वस्ती आम्हांला पोचवायला स्टेशनावर आली होती. रूळ ओलांडले की आमचीच घरं, त्यामुळे यायला कुणाला कष्ट नव्हते. कुणी दशम्या बांधून आणल्या होत्या, कुणी शेंगदाण्याची चटणी. आमच्या समोरच्या घरातली गंगूमामी खण-नारळ घेऊन पुढे झाली आणि माझ्या मायला म्हणाली, "पदर पुढे कर वं माय, ओटी भरस."

माय ट्रंकेवर बसली होती. ती उठली नाही. पदर कमरेला खोचलेला होता, तो तिने तसाच ठेवला.

"नारळ ऱ्हावू दे, गंगू. तुम्हीन मन्हा बोल मोडा. आते मन्ही ओटी कसाले भरतस?"

गंगूमामी नारळ धरून उभी राहिली. आबा, माझे वडील, रुळांकडे बघत राहिले. समोर आलेली ओटी नाकारणारी सवाशीण मी तोवर पाहिली नव्हती, नंतरही नाही.

तुमच्यापैकी बरेच जण अजून त्याच वस्तीत आहेत. काही आमच्यासारखे सुरतेला, अहमदाबादला गेले. कुठे भेटलात की म्हणता, "तुझी माय फार ताठ." ती ताठ का झाली ते तुम्हांला ठाऊक आहे. बोलत कुणी नाही, म्हणून लिहिते.

आबा शिंपी. रेल्वेच्या माणसांचे डगले आणि पाटील-तलाठ्यांचे कोट शिवायचे. गावात भाड्याच्या खोलीत मशीन ठेवायला जागा पुरेना, तेव्हा त्यांनी स्टेशनापलीकडे जागा घेतली. तिथे तेव्हा नुसती बाभळ होती. लोक म्हणाले, शिंपी रानात राहायला चालला. धाब्याचं घर मायने आणि आबांनीच उभं केलं. छपराची पांढरी माती माय दरसाल स्वतः चोपायची. मग एकेक करून बाकीची घरं आली, नथूबापू आले, आणि वस्तीला वस्ती म्हणू लागले. नथूबापू हे गंगूमामीचे नवरे, मिरचीचे दलाल. वस्तीत त्यांचा शब्द चाले.

आबांची नजर अधू व्हायला लागली. सुईत दोरा मी ओवून द्यायची, काजंही मीच करायची. माझ्या भावाने सुरतेला शिवणकामाचं दुकान टाकलं होतं. तो म्हणाला, आता सगळे इकडेच या. घर विकायचं ठरलं.

घर मागायला पहिले आले देवजी कंपाउंडर. ते खांडबाऱ्याकडचे, मावची आदिवासी. नवापूरच्या शाळेत शिकून सरकारी दवाखान्यात लागले होते. दवाखान्यामागच्या एका खोलीत बायको आणि चार पोरं घेऊन राहायचे. वस्तीत ताप आला की क्विनाइनची बाटली घेऊन घरोघर तेच फिरत. नथूबापूंच्या नातवाला घटसर्प झाला तेव्हा त्याच्या उशाशी तेच बसले होते. पण त्या दिवशी ते अंगणात उभे राहिले, ओट्यावर चढले नाहीत. मायने दोनदा सांगितलं तेव्हा बसले. सोबत त्यांची बायको सोनाबाई होती. तिने चूल पाहिली, परसू पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मायने आबांना विचारलंही नाही. आत गेली, गुळाचा खडा आणला आणि सोनाबाईच्या तोंडात घातला. आमच्याकडे त्यापुढे कागद लागत नाही. ते गेल्यावर ती आबांना म्हणाली, "बोल दिधा म्हंजे घर दिधं."

दोन दिवसांत नथूबापू चारजणांना घेऊन आमच्या ओट्यावर आले.

"आज तो यी, सकाय त्याना भाऊबंद येतीन," ते आबांना म्हणाले. "मंग आमन्या पोरीसनं लगीन कोठे करसूत आमी?"

माय दारातून बोलली, "त्याना हातनी दवाई तुमले चालस. त्याना शेजार का बरं चालत नही?"

उत्तर नसलं की माणूस दुसरीकडून येतो. माझी सोयरीक सुरतेला नथूबापूंच्या भाच्याशी ठरली होती. ते उठता उठता आबांना एवढंच म्हणाले, "तुन्ही पोरनी सोयरीक मन्हा भाच्यासंगे ठरेल शे. ध्यानमा ठेव."

मी आत काजं करत होते. ते शब्द मला तिथे स्पष्ट ऐकू आले.

आबा मोडले. माझ्यासाठी मोडले, हे मला आयुष्यभर ऐकावं लागलं. मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, कोण जाणे. पण कुणी विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी आबा मला बरोबर घेऊन दवाखान्यात गेले. एकट्याने जायचा त्यांना धीर नव्हता. देवजीभाऊ बाटल्या धूत होते. आबांनी कसंबसं सांगितलं. देवजीभाऊंनी बाटल्या खाली ठेवल्या, हात पुसले. घरी ते मावची बोलत. आमच्याशी नेहमी शाळेतलं, नीट मराठी.

"घर द्यायचं नव्हतं, तर माझ्या बायकोला गूळ कशाला खाऊ घातला?"

ते ओरडले नाहीत. परतीच्या वाटेवर आबांनी माझा हात धरला होता. नजरेमुळे धरला असेल असं मी तेव्हा समजले.

घर नथूबापूंनीच घेतलं, पडत्या भावात. दुसरं कुणी पुढे येईना, येऊ दिलंच नाही. त्यांना तो शेजार नको होता हे खरं, आणि आमचं घर हवं होतं हेही तितकंच खरं. त्यांनी तिथे मिरचीची पोती भरली. मधली भिंत पाडली. वाऱ्याच्या दिवसांत वस्तीभर लोक शिंकत, खोकत, डोळे चोळत. त्याची तक्रार मात्र कुणी केली नाही. मिरची आपल्यातलीच होती.

सुरतेत आम्ही एका पोळात, म्हणजे बंदिस्त गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या ओरडीत राहिलो; खोलीला तिथे ओरडी म्हणत. मी भाकरीची रोटली केली, भाजीचं शाक केलं, भाडेकरूऐवजी भाडूत म्हणवून घ्यायला शिकले. मायने काही शिकून घेतलं नाही. शेजारणी विचारत, तुमचं देशात, गावाकडे, घर आहे का? ती अहिराणीतच सांगे, "शे. ते देवजीभाऊनं शे." त्यांना वाटे, देवजीभाऊ तिचा भाऊ.

माझं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. नवरा वाईट नाही. पण दर दिवाळीला नथूबापू मामेसासरे म्हणून घरी येत, पाटावर बसत, मी पायांना हात लावला की डोक्यावर हात ठेवून विचारत, "सुखमा शे ना?" आणि मी हो म्हणे. ते येणार असले की माय माझ्या घराचा जिना चढत नसे. आबा येत. आबा त्यांच्याशी पानही खात. आधी आबा गेले, नंतर काही वर्षांनी माय.

ती गेल्याच्या पुढच्या वर्षी नथूबापूंच्या नातवाचं लग्न निघालं. मी नवऱ्याबरोबर नंदुरबारला निघाले; लढाई सुरू होती, गाडीला गर्दी. खांडबाऱ्याला गाडी थांबली आणि फलाटावर मला सोनाबाई दिसली. केस पांढरे झाले होते. मी हाक मारली. तिने ओळखायला वेळ घेतला, मग खिडकीशी येऊन म्हणाली, "आमी घर बांधलं इथं. जवळच हाय."

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. तो काही बोलायच्या आत उतरले.

घर चांगलं होतं. समोर केळी, आत गारवा. सोनाबाईने तांदळाची भाकर आणि तुरीची डाळ वाढली. मी जेवत असताना देवजीभाऊ आले. मला पाहून दारातच थांबले.

"बाई कुठे असतात?" मायला ते बाई म्हणत.

"वारली. वर्ष झालं."

ते बसले.

"मी आबांना दवाखान्यात जे बोललो, ते बाईंना कळलं होतं?"

"कळलं होतं. शेवटपर्यंत तेच मनात घेऊन होती."

"बरं झालं," ते म्हणाले.

सोनाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. संध्याकाळच्या गाडीला मला पोचवायला ते आले, जागा मिळवून दिली, माझी पिशवी वर ठेवली. पुन्हा ये, असं म्हणाले नाहीत. का म्हणावं त्यांनी?

मी नंदुरबारला उतरले नाही. गाडी थांबली, सुटली, मी बसून राहिले आणि पुढे दोंडाईच्याला चुलतबहिणीकडे गेले. लग्नाला का आले नाही म्हणून सासरी जे व्हायचं ते झालं. नवरा महिनाभर अबोल होता. नथूबापू त्यानंतर दिवाळीला आले नाहीत.

मुली आता विचारतात, तुझं माहेर कुठलं? मी नंदुरबार सांगते. आणखी काही सांगता येत नाही. त्या वाटेने अजून जाणं होतं. गाडी थांबली की वस्तीतलं कुणी ओळखीचं दिसतं, हात करतं, उतर म्हणतं. मी मान फिरवत नाही. नीट बघते, आणि जागेवर बसून राहते.