धारहून देवासला, वाघासकट

किस्से कोणी गोळा करत नाही. रस्त्याची धूळ अंगावर चढते तसे ते चढतात, आणि माझ्या अंगावर धार ते देवास या रस्त्याची बरीच धूळ आहे. गढकालिकेची शपथ घेऊन सांगतो, पुढचं अक्षरन् अक्षर खरं आहे. परवा पारावर मी तीन वाघ म्हणालो होतो, ते सोडा. वाघ एकच होता, आणि तोही मांजरपाटाचा.

आमची हौशी नाटकमंडळी धारची. कोणी दरबारात कारकून, कोणी सुतार, कोणी शिंपी. दर गणपतीत देवासला आमचा एक खेळ ठरलेला, आणि त्यात जंगलाचा प्रवेश. वाघ व्हायचा तात्या शिंपी. कातडं त्यानंच शिवलेलं : पिवळा मांजरपाट, काजळीचे पट्टे, कागदाच्या लगद्याचं डोकं, केरसुणीच्या काड्यांच्या मिशा. वाघाला काम म्हणजे दोन डरकाळ्या आणि एक मरण. तरी तात्यानं एक वर्ष चुकवलं नाही, कारण त्याची एकुलती एक लेक काशी देवासला दिलेली. सासरचे तिला माहेरी पाठवत नसत. आणि तिला अजून मूल नव्हतं, म्हणजे आपल्या रिवाजाप्रमाणे बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. वर्षातून एकदा तात्या तिच्या ओसरीवर कोरड्या घशानं घटकाभर बसे आणि उठे. त्या घटकेसाठी एवढा प्रवास. आदल्या वर्षी पोचायला उशीर झाला, खेळ बुडाला, आणि खेळ नाही तर व्याह्यांकडे जायला निमित्त नाही. तात्या वेशीवरूनच परतला होता. म्हणून या खेपेला उशीर चालणार नव्हता.

* * *

उशीर धारच्या नाक्यावरच सुरू झाला. नाकेदारानं पेटी उघडली, पट्टे पाहिले आणि टाक खाली ठेवला. वाघाची शिकार म्हणजे दरबारचा मान. इतरांनी वाघ मारला तर थेट तुरुंग.

"क्यों भिया, किसने मारा?"

"मारला नाही, शिवला," तात्या म्हणाला.

नाकेदारानं ते लिहून घेतलं. कुठं? माझ्या दुकानात. तेही लिहून घेतलं. मग मेला कधी, असं विचारलं.

तात्या थकून म्हणाला, "दर वर्षी मरतो. तिसऱ्या अंकात."

एवढ्यावर आमचे दोन तास गेले. शेवटी कागद मिळाला : 'पेटीत वाघ एक, मयत.'

* * *

धारला आगगाडी नाही. महूपर्यंत बैलगाडी. वाघाचं डोकं पेटीत मावत नसे, म्हणून तात्यानं ते मांडीवर घेतलेलं. एका वळणावर डाव्या बैलानं मागं वळून पाहिलं. पुढचे दोन कोस आम्ही इतक्या लवकर काटले की एक चाक मागंच राहिलं. ते शोधून आणेपर्यंत सकाळ संपली.

मग डोक्यावर, पांघरायला आणलेलं तात्याच्या बायकोचं तांबडं लुगडं गुंडाळलं. आता बैल शांत, पण पुढच्या गावच्या बायकांना वाटलं, देवीचा मुखवटा चाललाय. आल्या हळदकुंकू घेऊन. गाडीत बसल्या जागी तात्याचे पाय धुतले, नारळ ठेवला. एका म्हातारीनं लुगड्यापुढे पदर पसरून सुनेसाठी मूल मागितलं.

तात्या हळूच म्हणाला, "आई, माझं मागणं आधीचं आहे. रांगेत राहा."

* * *

रात्रभर बैलगाडी हाकून उजाडताना महूला पोचलो, तर स्टेशनावर बाबूचं म्हणणं, थर्ड क्लासात जंगली जनावर नेता येत नाही. मेलेलं असेल तर पार्सलानं, आणि पार्सल उद्या. उद्या म्हणजे खेळ गेला. तात्यानं वाद घातला नाही. कोपऱ्यात जाऊन वाघ अंगावर चढवला आणि परत खिडकीशी आला. अंगावरच्या कपड्यांना तर तिकीट लागत नाही ना?

बाबूनं नियमांचं पुस्तक शोधायला घेतलं, तोवर गाडी आली.

आम्ही डब्यात शिरलो आणि डबा रिकामा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी आगगाडीत पाय पसरले. फक्त एक माळवी आजीबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी वाघाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "भिया, जरा सरक."

* * *

इंदूरला प्लेगची तपासणी. फलाटावर सगळ्यांना रांगेत उभं करून डॉक्टर काखेत गाठ आहे का पाहत आणि संशयित कपडे वाफेच्या भट्टीत पाठवत. वाघाच्या काखेत त्यांना गाठ लागली. ती शिवणीची होती, पण डॉक्टरांना शिवण कुठून कळणार? भट्टीत डोक्याखालचा वाघ गेला आणि बाहेर आली एक पिवळी गोधडी. पट्टा एक नाही.

डॉक्टर भला माणूस, ओशाळला. आमच्यासाठी इंजिनाच्या ड्रायव्हरकडून कोळसा मागून आणला. देवासला आगगाडी नाही, म्हणून टपालाच्या टांग्यात तात्या आणि मी देवासपर्यंत पट्टे ओढत बसलो. डावी बाजू माझी होती, म्हणून तो वाघ डावीकडून जरा झेब्रा दिसे.

* * *

पोचलो खेळाच्याच दिवशी, पण अर्धा तास आधी. देवास म्हणजे गाव एक आणि राजे दोन : रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी पाती. मांडव थोरल्या पातीत, काशीचं घर धाकट्या पातीत. तात्या दोनदा डरकाळला, एकदा मेला, आणि धोतर नेसायला आला तर पेटी मोहरबंद! कागदावर 'पेटीत वाघ' होतं, म्हणून शिपायानं खेळ चालू असतानाच लाख लावून टाकली. वाघ तात्याच्या अंगावर, तात्याचं धोतर पेटीत, आणि परतीच्या टांग्याला तासभर.

तात्या तसाच निघाला. रस्ता ओलांडताना धाकट्या पातीच्या शिपायानं मान वर केली, पाहिलं आणि परत तंबाखू मळू लागला. जनावरं दिवसभर इकडून तिकडे जात, त्यांना कागद कोण विचारतो?

काशी दारात आली. डोकं काढायला तात्यानं हात वर केले, ते तिनं धरले.

"राहू द्या."

आत गेली, पाट मांडला, ताट वाढलं. सासू म्हणाली, "अगं, बापाला वाढतेस?"

"बाप कुठं आलाय?" काशी म्हणाली. "दारी वाघ आलाय. वाघाला लेक असते का, सासूबाई?"

वाघ पाटावर बसला. काशीनं एकेक घास जबड्यातून आत दिला. वरणभात, मग दोन मोदक, मग तांब्याभर पाणी, थोडं मिशांवर सांडत.  सासूबाई आत गेल्या आणि तुपाची वाटी घेऊन आल्या.

आता यातलं खोटं काय, ते सांगून टाकतो. तात्या नावाचं कोणी आमच्या मंडळीत नव्हतं. वाघ मीच व्हायचो.