नव्या गाडीच्या टपाला भोक

तुमच्या नवऱ्याने कधी नव्याकोऱ्या गाडीच्या टपाला भोक पाडायची परवानगी मागितली आहे का? माझ्या नवऱ्याने मागितली. तीही गाडी घरी आली त्याच दिवशी. अंबाबाईच्या दारात पूजा करून आणलेली गाडी, बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलं, आणि हे मोजपट्टी घेऊन टपावर वाकलेले. मी पेढे घेऊन बाहेर आले तर टपाच्या बरोबर मधोमध माझ्या पाकिटातली एक टिकली चिकटवलेली!

"ही कशाला?" मी विचारलं.

"खूण केलीय. इथं भोक पाडायचं. छोटंसंच, बोट जाईल एवढं."

आमचं सगळं आयुष्य स्कूटरवर गेलेलं. ही आमची पहिली गाडी, रंगसुद्धा मी निवडलेला. मी टिकली काढून टाकली आणि सांगितलं, "या गाडीला भोक पडणार नाही. मी असेपर्यंत नाही."

तिथून पुढचे हे किस्से. असे किस्से मुद्दाम कुणी गोळा करत नाही. दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी चिवडा उरतो तसे ते उरतात. कुणी आलं की ताटलीत काढून पुढे ठेवायचे, एवढंच.

आधी मंडळी सांगते. आमचे हे, म्हणजे विलासराव, शाहूपुरीत स्टेशनरीचं दुकान चालवतात आणि उरलेला वेळ हॅम रेडिओवर असतात. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतलेली, वायरलेसवरून एकमेकांशी बोलणारी हौशी माणसं. शिरोळचे बापू, घरी ऊस आणि म्हशी, आवाज असा की त्यांना रेडिओ कशाला लागतो असा प्रश्न पडावा. गडहिंग्लजचे शिवलिंगअण्णा, कापडाचे व्यापारी, घरात कन्नड आणि दुकानात मराठी. ते मला अक्का म्हणतात, बापू वैनी म्हणतात. चौथी मी. शिक्षण दहावीपर्यंत, पण मीही ही परीक्षा दिली आणि पास झाले. सगळे कौतुक करतात. खरं तर घरात दुसऱ्या विषयावर बोलणंच होत नव्हतं.

रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा मागच्या खोलीत बैठक बसते. मी पोहे नेते. चार माणसं जमली की एरवी उसाचा दर निघतो, नाहीतर राजकारण. आमच्याकडे गाडीवर अँटेना कुठे बसवायची हे निघतं.

"अँटेना म्हणजे निम्मीच वस्तू," हे मला समजावत. "उरलेली निम्मी म्हणजे तिच्या खालचा पत्रा. चारी बाजूंना सारखा पत्रा असला की आवाज चारी बाजूंना सारखा जातो. म्हणून टपाचा मध्य. आणि वायर आत न्यायला भोक."

बापू लगेच त्यांच्या बाजूने. "वैनी, पाडू द्या की. पोरीच्या कानाला हौसेनं भोक पाडतासा, गाडीच्या टपाला पाडलं तर काय हुतंय?"

"पोर रडून गप्प होते," मी म्हटलं. "टप पावसाळाभर गळेल."

* * *

भोकाला पर्याय म्हणून पहिली आली चुंबकाची अँटेना. खाली वाटीएवढं जाड चुंबक, वर हातभर काडी, आणि खिडकीतून आत घ्यायची वायर. टपावर ठेवली की चिकटली. लोखंड दिसेल तिथे चिकटायची, हाच तिचा गुण आणि हाच दोष.

एकदा आम्ही बापूंकडे निघालो होतो. वाटेत चहाला थांबलो. टपावर धुळीचा थर बघून मला राहवेना. मी म्हटलं, "जरा ती काढा, मी टप पुसून घेते." यांनी वायरीसकट अँटेना काढली आणि मिनिटभर म्हणून शेजारी उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीच्या कडेला चिकटवली. माझा टप पुसून झाला, यांचा चहा झाला. ट्रॅक्टरवाल्याचाही चहा झाला.

आम्ही वळून बघतो तर ट्रॉली नाही.

कारखान्याच्या फाटकापर्यंत पाठलाग केला. तिथे ट्रॉल्यांची ही रांग. सगळ्या एकसारख्या, सगळ्यांवर ऊस, सगळीकडून काड्या आणि वाळलं पाचट बाहेर आलेलं. हे प्रत्येक ट्रॉलीभोवती मान वर करून फिरत होते. शेवटी आमची ट्रॉली वजनकाट्यावर सापडली. खिडकीतल्या माणसाने अँटेना उपटून हातात धरली होती. यांना धावत येताना बघून त्याने शांतपणे विचारलं, "पावणं, ही उसात धरायची का पाचटात?"

* * *

तरी चुंबक चालूच राहिलं. मग एक दिवस हे उद्यमनगरात कसलासा नट करून घ्यायला गेले आणि गाडी दिवसभर एका लेथच्या दुकानासमोर उभी राहिली. त्या भागात लोखंडाचा कीस हवेतच असतो. संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा चुंबकाला गोल, काळी, भरघोस दाढी आली होती.

यांनी चुंबक उचलायच्या ऐवजी सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी पुसत होते. "अहो, हे काय?"

"कीस आहे. निघेल."

"आणि कीस पुसल्यावर खाली हे काय?"

यांनी तिथून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणून म्हणत होतो. भोक असतं तर ओरखडा पडला नसता."

त्या दिवशी आमटीत मीठ घालायचं माझ्याकडून राहून गेलं.

* * *

अण्णांची अडचण वेगळी. त्यांच्या जुन्या जीपला पत्र्याचा टपच नाही, कापडी हूड. पत्रा नाही म्हणजे निम्मी अँटेना नाही. अण्णांनी डोकं लढवलं. जत्रेच्या जेवणाला काढतात तो घरातला भाकरीचा भलामोठा लोखंडी तवा घेतला, हुडावर सुतळीने आवळून बांधला आणि त्यावर चुंबक ठेवलं. आवाज इतका खणखणीत आला, की हे हातातलं गिऱ्हाईक सोडून रेडिओपाशी धावले.

नेमकी त्याच दिवशी अण्णांच्या सुनेच्या माहेरची माणसं जेवायला येणार होती. अण्णांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, सगळं घर धुंडाळलं. शेवटी अण्णांना मोबाइल लावला. अण्णा तवा घेऊन कोल्हापूरच्या वाटेला लागलेले.

पुढच्या रविवारी मी विचारलं, "मग काय झालं हो अण्णा?"

"काय व्हायचं अक्का," पोह्यांच्या दोन बश्या संपवून तिसरी पुढे ओढत अण्णा म्हणाले. "पाहुण्यांनी त्या दिवशी भात खाल्ला. मी अजून खातोय."

* * *

एकदा चौकात हवालदाराने आम्हाला थांबवलं. गाडी मी चालवत होते. त्याने टपाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय लावलंय?"

दुसरा कुणी असता तर 'रेडिओची अँटेना' म्हणून परवाना दाखवून मोकळा झाला असता. हे खाली उतरले.

"साहेब, पत्र्याचं महत्त्व तुम्हाला ठाऊक आहे का?"

हवालदार नाही म्हणाला. तीच त्याची चूक. यांनी बॉनेटवरच्या धुळीत बोटाने गाडी काढली, त्यावर अँटेना काढली, तिच्यातून निघणाऱ्या लाटा काढल्या. मागे रिक्षा हॉर्न वाजवायला लागल्या. हे म्हणाले, "आता हीच अँटेना बंपरवर लावली असं समजा," आणि दुसरी गाडी काढायला घेतली.

हवालदार वळसा घालून माझ्या खिडकीपाशी आला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, ह्यांना घेऊन जावा. मी काय इच्यारलंच न्हवतं."

आजही आमची गाडी दिसली की तो दुसरीकडे बघतो.

* * *

बापूंची जीप म्हणजे वेगळंच प्रकरण. लांब देशांशी बोलायला अँटेना लांब लागते, म्हणून त्यांनी मागच्या बंपरवर दोन पुरुष उंचीची काठी उभी केली होती. कुणाला लागू नये म्हणून टोकाला लाल फडकं बांधलेलं. उंचावरून आवाज लांब जातो, तेव्हा एका रविवारी ही जीप घेऊन बापू जोतिबाच्या डोंगराला निघाले. हे दुकानातल्या सेटवर बसून आवाज कसा येतोय ते सांगणार होते.

डोंगर निम्मा चढून बापूंनी एका वळणावर जीप थांबवली. तिथे पायी निघालेली माणसं दम खात बसली होती. जोतिबाच्या यात्रेला गावोगावच्या मानाच्या उंच काठ्या येतात; लाल फडक्याची ही काठी बघितल्यावर त्यांना वाटायचं तेच वाटलं.

"कुठल्या गावची सासनकाठी म्हणायची?" एकाने विचारलं.

बापूंना खोटं बोलवेना आणि खरं सांगायला फार वेळ लागला असता. "शिरोळची," ते म्हणाले.

झालं. 'चांगभलं' म्हणत खोबरं-गुलाल उधळला गेला. काठी गुलाबी, जीप गुलाबी, बापू गुलाबी. एक म्हातारी काठीला हात लावून नमस्कार करत होती. तिचा मुलगा दमून कठड्यावर बसलेला. तो म्हणत होता, "आई, हितनंच कळसाला हात जोड आणि परत फिरू."

तेवढ्यात जीपमधून यांचा आवाज आला. स्पष्ट आणि गंभीर. "अजून वर जायला पाहिजे. तिथून काही पोचत नाही."

म्हातारीने दोन्ही हात कपाळाला लावले आणि मुलाकडे वळली. "ऐकलंस? ऊठ."

तो उठला आणि चढायला लागला. बापू नंतर यांना म्हणाले, "विलासराव, इतकी वर्सं बोलतायसा, पण तुमचं ऐकून जागचा हललेला ह्यो पयलाच माणूस बघितला."

* * *

भोकाचा वाद मिटत नव्हता. शेवटी तह झाला. मागच्या दाराच्या कडेला चापाने बसणारी अँटेना आली. भोक नाही, ओरखडा नाही. मला हायसं वाटलं. हे मात्र सकाळी गाडीभोवती एक फेरी मारून, टपाच्या मध्याकडे बघून सुस्कारा टाकायचे.

अशा कोपऱ्यातल्या अँटेनाचा एक दोष असतो. पत्रा सगळा तिच्या पुढच्या बाजूला. त्यामुळे गाडीचं तोंड जिकडे असेल तिकडे आवाज चांगला जातो आणि पाठ असेल तिकडे नुसती खरखर. गावात फिरताना ते कळतही नाही.

त्या पावसाळ्यात शिरोळकडे कृष्णेचं पाणी चढलं. बापू तेव्हा आमच्या घरी होते, पाय प्लास्टरमध्ये. ट्रॅक्टरवर अँटेना बसवायला चढले होते, घसरले. गावात त्यांची म्हातारी आई आणि म्हशी. होडी दारात आली तरी म्हातारी म्हणत होती, "म्हसरं सोडून मी येत न्हाय." हे तिचं शेवटचं बोलणं आमच्या कानावर आलं आणि त्या भागातले मोबाइल बंद पडले.

हे गाडी घेऊन गेले. गावाबाहेरच्या उंचवट्यावर शाळा होती. होड्या माणसं आणून तिथे सोडत. हे गाडीतून निरोप सांगायचे, मी घरच्या सेटवर ऐकून तहसील कचेरीला फोन करायची. दूध पाहिजे, इन्सुलिन पाहिजे, कोण कोण पोचलं. आमच्या गच्चीवर उंच अँटेना आहे म्हणून एवढ्या लांबचं कसंबसं येत होतं.

दुपारी हे म्हणाले, "मदतीचे ट्रक आलेत, मला गाडी हलवायला सांगतायत." थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. "बापूंना सांग, त्यांच्या गल्लीकडची होडी येतेय, तिच्यात..."

पुढे खरखर.

मी हाका मारल्या. खरखर. बटणं फिरवली. खरखर. बापू शेजारी स्टुलावर पाय ठेवून बसले होते. त्यांच्यापुढचा चहा गार झाला होता. त्यांनी एकच विचारलं, "वैनी, गाडीचं त्वांड कुणीकडं असंल?"

"ट्रकला वाट द्यायला वळवली असणार. नदीकडं, आपल्याकडं पाठ करून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोघंही सेटकडे बघत बसलो. बाहेर दिवस कलत आला.

आणि एकदम सेटमधून बाईचा आवाज आला. लख्ख. जणू स्वयंपाकघरातून बोलतेय.

"बाब्या, कुठं पडलायस रं? पाय कसा हाय? म्हसरं आल्यात. दावी सोडली तशी माज्या होडीमागनं पवत आली. शानी हाईत तुझ्यापरास. त्या काडीपायी पुन्यांदा ट्रॅक्टरवर चढलास तर दुसरा पाय मी मोडीन."

बापूंनी माझ्या हातातला माइक ओढून घेतला. "आई! आई, ऐक की!"

तिला ऐकू जाणार नव्हतं. माइकचं बटण सोडल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नाही, आणि ती बटण घट्ट दाबून बोलत सुटली होती. शाळेत दिलेल्या खिचडीला मीठ कमी, कुणाच्या कोंबड्या गेल्या, कुणाची सून होडीत बसताना किंचाळली, सगळं. बापू डोळे पुसत मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होते. बटण सोड म्हणून तिला कुणी सांगितलं नाही. हे तर तिच्या शेजारीच उभे होते. त्यांनीही सांगितलं नाही.

गाडीचं तोंड कसं फिरलं ते नंतर कळलं. रस्ता अरुंद, पुढेमागे ट्रक, दोन्ही कडा चिखलात खचलेल्या. हे काही केल्या गाडी वळवू शकेनात. तेव्हा नुकत्याच होडीतून उतरलेल्या गड्यांनी भिजल्या कपड्यांनी गाडीचं बूड उचललं आणि तोंड कोल्हापूरकडे करून खाली ठेवलं.

संध्याकाळी अण्णा जीप घेऊन यांच्या जागी बसायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बापूंच्या आईला घेऊन घरी आले, चहा पिऊन झोपले. मी गाडीची चावी घेतली, उद्यमनगरात गेले आणि टपाच्या मधोमध भोक पाडून आणलं.