माहेरी जाणारा कचरा

कौशल्याचं माहेर शहराच्या पूर्वेला, पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं जिथे ओतला गेला त्या डोंगराच्या पायथ्याशी. लग्न होऊन ती शनिवार पेठेत आली तेव्हा तिचे सासरे कोंडीराम पीएमटीच्या बसवर ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, "सूनबाईच्या माहेरचा पत्ता विचारायची गरज नाही. नाक नेईल तिकडे जायचं." कौशल्या हसायची. तिला त्यात काही लागत नसे. केर बादलीत टाकला की संपला, असंच तिचंही चालायचं. माहेरी गेली की विहिरीवरचा तपकिरी तवंग बघून हळहळायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायची.

एका दिवाळीला ती गेली तेव्हा तिचा भाऊ सोनबा शेतातून एक कुरिअरची पिशवी घेऊन आला. डोंगरावरून वारा सुटला की असल्या पिशव्या बांधाच्या बाभळींना येऊन लटकायच्या. पण ही त्याने वेगळी काढून ठेवली होती.

"ताई, ह्ये तुझंच हाय का गं?"

पिशवीवर चिठ्ठी चिकटलेली होती. कौशल्याचं नाव, इमारतीचं नाव, शनिवार पेठ. त्यातून कधीतरी तिने मागवलेला एक कुर्ता आला होता. कुठला, तेही तिला आठवेना.

खाटेवर पडलेली आई, गोदाबाई, खोकत खोकत हसली. "लेकीनं म्हायेरी कायतरी धाडलं म्हनायचं."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि उशाशी ठेवून दिली. पुढच्या पावसाळ्यात गोदाबाई गेली. छातीचं दुखणं, एवढंच डॉक्टर म्हणाले. ते कशाने झालं हे कुणी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

तेरावं करून कौशल्या घरी आली, सकाळचा चहा केला आणि चोथा टाकायला बादलीचं झाकण उघडलं. मोरीपाशी आई उभी होती. नाकाला पदर लावलेला, दुसरा हात पुढे केलेला. कुणी काही देणार असेल तर घ्यायला करतात तसा. कौशल्याने झाकण लावलं आणि चोथा हातात धरून तशीच उभी राहिली. चहाचा कप घेऊन तिच्या मागे आलेल्या रामदासने, तिच्या नवऱ्याने, विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही हो."

त्या दिवसापासून तिने बादलीशी जणू वैर धरलं. गॅलरीत क्रेट आणून ठेवला. भाजीची सालं, चहाचा चोथा, उष्टं, सगळं सुक्या पाल्याच्या थरांत जिरवायला लागली. बाहेरून मागवणं बंद झालं. किराणा आणायला घरचे डबे, भाजीला जुन्या साड्यांच्या पिशव्या. फाटलेलं शिवायचं, तुटलेलं जोडायचं. घर आटोपशीर दिसायला लागलं तसं रामदासलाही ते आवडलं. पण मग ती शेजाऱ्यांच्या डब्यांतही डोकावू लागली. कुणाच्या दाराशी ओलं-सुकं एकत्र दिसलं की तिथेच बसून वेगळं करायची. समोरच्या सुंदराबाई एकदा दार उघडून शांतपणे म्हणाल्या, "कौशल्याबाई, आमच्याकडचं काही हवं असेल तर सांगत जा. बाजूला काढून ठेवीन."

कौशल्याला लाज वाटली, पण थांबता आलं नाही. कारण बादली रिकामी होत गेली तशी आई पुसट होत गेली होती. एखाद्या दिवशी तर यायचीच नाही.

मग कोंडीरामांना झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणताना सोबत डायपरचा गठ्ठा आला. पहिला डायपर बदलून कौशल्याने तो कागदात गुंडाळला, कचरा उचलणाऱ्यांना कळावं म्हणून वर लाल पेनाने गोल काढला आणि बादलीत ठेवायला वळली. आई अगदी जवळ उभी होती. हात पुढे.

कौशल्याने गठ्ठा माळ्यावर टाकला आणि जुनी धोतरं फाडली. दिवसभर बदलायचं, धुवायचं, वाळत घालायचं. हात सोलवटले. रामदास म्हणाला, "अगं, आता सगळा कचरा तिकडे जात नाही. प्रक्रिया करतात म्हणे."

"मग कुठे जातो?"

"जात असेल कुठेतरी."

"तिथेही कुणाचं तरी माहेर असेल."

नंतर रामदासने न सांगता वाळत घालायच्या दोऱ्या जास्त बांधून दिल्या.

पावसाळ्यात धोतरं वाळेनात. कितीही दाबून इस्त्री केली तरी दमट राहायची. कोंडीरामांच्या पाठीला खाली लाल चट्टा उठला, मग कातडी गेली. डॉक्टरांनी बजावलं, ओल अजिबात राहू देऊ नका, डायपर वापरा. कौशल्याने मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा धोतरच घातलं. आजचा दिवस, मग उद्या बघू, असं करत राहिली. जखमेतून पाणी यायला लागलं.

एका सकाळी ती अंग पुसत होती. कोंडीराम भिंतीकडे तोंड करून पडले होते. जीभ जड झालेली, तरी शब्द कळत होते.

"कौशल्या, कुणासाठी चाललंय हे?"

"काय, मामंजी?"

"मेलेल्या विहिणीसाठी जित्या व्याह्याला सडवतेस."

तिच्या हातातला पंचा थांबला. पुढचं बोलताना त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. "गोदाबाईंनी मला ओल्यात निजू दिलं नसतं. मी त्यांच्या गावाला नावं ठेवायचो. त्या मला जेवू घालायच्या."

कौशल्या उठली. माळ्यावरून गठ्ठा काढला, फोडला. जखम पुसून, मलम लावून तिने त्यांना कोरडं केलं. आधीचं ओलं आवरून वळली तर दाराच्या चौकटीत आई. "आई, सरक गं जरा," ती मोठ्याने म्हणाली आणि दचकली.

"कुणाशी बोलतेस?" कोंडीरामांनी विचारलं.

"कुणाशी नाही."

"त्यांना सांग, मीच सांगितलंय म्हणून."

जखम भरायला पावसाळा सरला. दिवसा ऊन असेल तर कापड, एरवी डायपर, अशी तडजोड तिने केली. रोज सकाळी लाल गोलाची पुडी कचरा न्यायला येणाऱ्या बाईच्या हातात देताना ती नजर चुकवायची. थंडीत कोंडीराम झोपेतच गेले. आई येत राहिली. रोज नाही, पण येत राहिली. कौशल्याने तिला घालवायचं सोडून दिलं.

उन्हाळ्यात गॅलरीतलं खत पोत्यात भरून ती बसने माहेरी गेली. सोनबाने पोतं बांधावर उतरवलं आणि त्याच्या तोंडाची दोरी सोडली.

"पुन्याचं हाय म्हनल्यावर बघूनच घ्यावं लागंल," तो म्हणाला आणि उकिडवा बसला.

मूठ मूठ खत तो तळहातावर पसरायचा, बोटाने चाळायचा, मग वांग्याच्या बुडाशी टाकायचा. काळंभोर, मोकळं खत होतं. कौशल्या शेजारी बसून बघत होती. पोतं निम्मं झाल्यावर त्याचं बोट थांबलं. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, नखाएवढा.

"रामदास कापून सालांत टाकतात," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं."

"ऱ्हातंयच की असलं बारकं."

तो कोपरा चिमटीत धरून सोनबाने टाकायला जागा शोधत इकडेतिकडे पाहिलं. समोर अर्धं आभाळ अडवून कचऱ्याचा डोंगर उभा होता. सोनबाने तो सदऱ्याच्या खिशात घातला आणि पुढची मूठ भरली.