बातुलाचं बियाणं

आमच्या गोफमारो गावात लागोपाठ तिसरा पाऊस चुकला तेव्हा बातुलाच्या जमिनीखालच्या पेवात फक्त बियाण्याची ज्वारी उरली होती. पेवाचं तोंड बुजवून तिने त्यावर शेळ्या बांधल्या. पुढे शेळ्या मेल्या, लेंड्या राहिल्या. जागा ठाऊक होती ती मला, शेजारीण म्हणून, आणि तिची सून इशो हिला.

इशोची दोन पोरं पाला उकडून खात होती. एका सकाळी तिने कुदळ उचलली, तर बातुला पेवावर जाऊन बसली.

"आठ दिवस खाशील, मग जन्मभर दुसऱ्याच्या दारात उभी राहशील. त्यापेक्षा बैदोआच्या छावणीत चल, तिथे शिधा मिळतो."

इशोने कुदळ ठेवली, पण सासूशी बोलणं टाकलं.

निघायच्या दिवशीच बंदूकवाले आले. रस्ता त्यांचा, विहीर त्यांची, पिकात वाटाही त्यांचाच; पीक नसलं तरी. म्होरक्याने पेव कुठाय ते विचारलं.

"आहे," बातुला म्हणाली. "तुला दाखवायचं नाही."

"मावशी, मरशील."

"मरेन. मग विचारशील कोणाला?"

बंदुकीच्या दस्त्याने त्याने तिचा उजवा हात मोडला. ती खाली बसली, पण जागा सांगितली नाही. मग तो इशोकडे वळला. इशोने धाकट्याला कडेवर घेतलं. म्हातारीला वेड लागलंय, म्हणाली. दाणे असते तर ही पोरं अशी दिसली असती का? त्याने पोरांकडे पाहिलं. झोपडी पेटवून ते निघून गेले.

छावणीत धाकटा गोवराने गेला. इशो त्या ज्वारीबद्दल एक शब्द बोलली नाही. बातुलाही नाही.

एप्रिलमध्ये, आमच्या पावसाळ्याच्या तोंडावर, गावाकडे पाऊस पडल्याचं कळलं, तशा आम्ही तिघी मोठ्या पोराला घेऊन तीन दिवस चालत गावी आलो. पेवातला वरचा हातभर थर बुरसला होता. खालची ज्वारी कोरडी, लालबुंद. बातुलाची मूठ वळत नव्हती, म्हणून पेरलं इशोने.

मागून परतलेल्या प्रत्येकाला बातुलाने वाडगाभर बियाणं दिलं आणि ते मातीत पडेपर्यंत ती त्याच्या पुढ्यात उभी राहिली. एकाने विचारलं, मूठभर शिजवू का?

"शिजव. आधी माझ्या धाकट्या नातवाला विचारून ये."

तो पेरायला लागला.

कणसं आखूड आली, पण आली. इशो सासूशी अजून कामापुरतंच बोलते. मळणी मात्र दोघी मिळून करतात.