आजीच्या नोकरीचा पुरावा

माझी आजी लग्नाआधी लष्करात नर्स होती, लेफ्टनंट होती, असं मी लहानपणापासून ऐकत आले. खरं मात्र कुणी धरत नव्हतं. दिघोरीत धानाच्या बांधीत वाढलेली मुलगी अफसर कशी होईल? घरात गणवेशातला एक फोटो नव्हता, पेन्शन नव्हती. कागदांचं विचारलं की आजी म्हणायची, "चुलीत घातले." काकू मला बाजूला घेऊन सांगायची, "नागपूरच्या कोण्या दवाखान्यात आया होती थे. सासरी मान भेटावा म्हणून मिलिटरीचं नाव घेते."

मलाही तसंच वाटायचं. मी तिला आडून आडून प्रश्न विचारायचे: कुठल्या गावी होतीस, सोबत कोण होतं. "काहून विचारून राहिली?" एवढंच म्हणून ती माझ्याकडे अशी बघायची, की चौकशी माझीच चाललीय असं वाटावं. तशी ती आमच्याहून संशयी. दुकानातून आणलेलं औषध उजेडात धरून त्यावरची अक्षरं दोनदा वाचायची, डॉक्टरच्या चिठ्ठीशी ताडून बघायची, मगच कुणाला घेऊ द्यायची.

मी कॉलेजात असताना बाबांना टायफॉइड झाला. त्यांना पवनीच्या एका छोट्या दवाखान्यात भरती केलं. दुपारी नर्स भरलेलं इंजेक्शन घेऊन आली आणि आजीनं तिचं मनगट धरलं.

"शिशी दाखव, पोरी."

"आजी, हात सोडा. मला अजून दहा पेशंट आहेत."

"भरून आणलेली सुई मी टोचू देत नाही. शिशी आण."

बाबा खाटेवरून ओरडले, "माय, काहून तमाशा करून राहिली? गप बस."

नर्सनं शिशी आणून टेबलावर आपटली. आजीनं ती वाचली, डॉक्टरच्या चिठ्ठीशी ताडली. औषध बरोबर होतं. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं आणि वर्षानुवर्षं मनात होतं ते बोलून टाकलं.

"तू खरंच नर्स असतीस ना आजी, तर दुसऱ्या नर्सवर असा संशय घेतला नसतास."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हणाली, "नर्स होती म्हणूनच घेते."

आणि तिनं सांगितलं. लढाईचे दिवस, सीमेजवळचा दवाखाना, जखमींच्या गाड्यांमागून गाड्या. दोन दिवस कुणाची पाठ टेकली नव्हती. सोबतच्या नर्सनं भरलेली सुई हातात दिली, औषधाचं नाव सांगितलं. आजीनं शिशी बघितली नाही, विश्वासानं टोचली. औषध दुसरंच होतं. तो जवान बरा होत आला होता, सकाळीच घरी लिहायला पोस्टकार्ड मागत होता. अर्ध्या तासात गेला.

"चौकशी झाली. मले सोडलं. जिनं भरली तिच्यावर आलं सारं," ती म्हणाली. "पण टोचलं तं मीनंच ना?"

नोकरीचा करार संपल्यावर तिनं तो वाढवला नाही. गावी आली, आणि त्याच आठवड्यात फोटो, कागद, सगळं चुलीत घातलं. आजोबांनाही तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, तेव्हाही क्षणभर वाटलं, मला गप्प करायला ही हे रचत तर नाही? पण मान वाढावा म्हणून खोटं बोलणारी बाई स्वतःच्या हातून माणूस गेल्याचं कशाला सांगेल? मी तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी मी त्या नर्सला एकटीला गाठून माफी मागितली. कारण सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, फक्त संध्याकाळी सुई भरताना शिशी घेऊन आजीसमोर उभी राहिली.

"बापाले सांगशील?" घरी येताना बसमध्ये आजीनं विचारलं. मी नाही म्हटलं आणि ती असेपर्यंत तो शब्द पाळला.

मागच्या वर्षी आजी गेली. तेरवी झाल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते अंगणात खुर्चीवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "मायनं आधी सांगतलं असतं तं त्या दिवशी मी तिले साऱ्यांदेखत झापलं नसतं."